खडी सुकेपर्यंत

शेवटी अंगणावर स्लॅब पडला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना जाता येईल. जे थांबलेत त्यांनी वरचं वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालायचं आहे. स्लॅब पडणार आहे. उद्या सोमवारी सकाळी नऊला गवंडी येणार आहे. त्याने भिंतीवर पेन्सिलीने माप लिहून ठेवलंय, बारा बाय नऊ, आणि मापाखाली दोन रेघा मारल्यात, म्हणजे विषय संपला. आज रविवार आहे, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं झाली आहेत, आणि ज्याने हे सगळं थांबवायचं तो अंगणाच्या मधोमध एका दगडावर अनवाणी उभा आहे आणि त्याला खाली उतरता येत नाहीये.

झालं होतं ते अगदी साधं. उलट्या पावलांनी मागे मागे सरकताना त्याची टाच दगडाला लागली. एवढाच काय तो धक्का. टाच लागली म्हणून तो दगडावर चढला, चढला म्हणून तिथूनच वाकून त्याने दगडाभोवतीची शेवटची चार वलयं ओढली, आणि चौथं वलय पहिल्या टोकाला केसाचाही फरक न पडता येऊन मिळालं तेव्हा त्याच्या छातीत असं काही उसळलं की तोंडातून आपोआप एक शीळ निघाली. मग त्याने मान वर केली. चारही बाजूंनी पांढरी खडी, खडीवर रेघा, रेघांच्या पलीकडे भिंती आणि समोर सहा फुटांवर घराचं दार. तो रस्ते विभागात कामाला आहे आणि बारा वर्षं डांबरावर पट्टे मारतोय. त्या कामाचा एक क्रम आहे, तो कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणारा माणूस विभागात टिकत नाही. आधी दोन्ही कडा, मग मध, म्हणजे मधली रेघ. मध संपली की सरळ पुढे चालत निघून जायचं, कारण पुढे रस्ता असतोच. रस्त्याच्या या चांगुलपणाकडे बारा वर्षांत त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं. अंगणाला पुढे काही नसतं. त्याने नेहमीच्या सवयीने आधी कडा धरल्या, मग आत आत येत मध गाठली, आणि काम चोख पूर्ण करून स्वतःला मधोमध ठेवून दिलं, फुलदाणीत ठेवतात तसं.

इथवर वेळ गेली नव्हती, कारण हातात दाताळं होतं, खडीत रेघा ओढायचं. दाताळं हातात असलं की माणूस उलट्या पावलांनी दारापर्यंत जाऊ शकतो आणि आपली पावलं पुसत जाऊ शकतो. पण कामाचा दुसराही एक नियम आहे. रेघ संपली की हत्यार आधी बाहेर, माणूस नंतर. हत्यारावरून गळणारा एक थेंब दिवसभराच्या कामाचं वाटोळं करतो, म्हणून पट्टा पुरा झाला की दांडा, कुंचला, जे काही हातात असेल ते लगेच कडेला उभ्या गाडीकडे भिरकावून द्यायचं. दाताळ्यावरून थेंब गळत नाही, हे त्याच्या डोक्याला माहीत होतं. हाताला नव्हतं. शीळ वाजत असतानाच हाताने दाताळं भिरकावलं, आणि ते सहा फूट खडीवरून अलगद तरंगत गेलं, एकही रेघ न दुखवता उंबरठ्यावर जाऊन पडलं, आणि सातही दात वर करून पडलं. फेक सुंदर होती. ती बघायला कोणी नव्हतं याचं त्याला क्षणभर वाईट वाटलं, आणि मग आपण काय केलं ते कळलं.

कोणीही शहाणा माणूस पाच पावलांत दारापाशी गेला असता. त्यालाही ते कळत होतं. पण पाच पावलं म्हणजे पाच खड्डे, आणि रेघेला ठिगळ लागत नाही, ते डांबरावर दिसतं आणि खडीवर तर ओरडून दिसतं. सगळं पुन्हा ओढायला दोन तास दहा मिनिटं लागतात, त्याने काल रंगीत तालीम करताना घड्याळ लावून पाहिलं होतं. पाच वाजता ताई येणार होती. आणि हिशोब बाजूला ठेवला तरी मुख्य अडचण पायांची होती. पायांना त्याने तीन वेळा सांगून पाहिलं. उजवा पाय दगडाच्या कडेपर्यंत गेला, अंगठा खडीवर टेकणार इतक्यात गुडघा असा कुलूप लावल्यासारखा बसला की त्याचाच तोल जाता जाता राहिला. बारा वर्षं तो लोकांवर ओरडत आला होता. ओ सायकलवाले, ओ मावशी, ओ टायवाले साहेब, ओली आहे, ओली आहे रेघ, दिसत नाही का. लोकांनी काही ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं फक्त त्याच्या स्वतःच्या पायांनी, आणि तेही इतक्या निष्ठेने, की आता मालकाचंही ऐकायला तयार नव्हते.

गंमत अशी की या सगळ्यात त्याला घाबरायला होत नव्हतं. घाबरायला पाहिजे, असं त्याने स्वतःला बजावलं, चाळीस मिनिटं उरलीत, स्लॅब डोक्यावर आहे. पण उलट त्याला पुन्हा शीळ घालावीशी वाटत होती. कारण ही बाग मधून बघितलेला माणूस जगात तो एकटाच होता. ती मधून बघायची नसतेच, कडेला बसून बघायची असते, असं त्या फोटोखाली लिहिलं होतं. तो फोटो त्याला दातांच्या दवाखान्यात सापडला होता. दवाखान्यासमोर झेब्रा मारायचं काम चालू होतं, दाढ ठणकत होती, जेवणाच्या सुट्टीत तो तसाच रंगाच्या कपड्यांत आत जाऊन बसला आणि टेबलावरचं फाटकं मासिक उघडलं. दोन पानं भरून फोटो. पांढरी खडी, खडीवर ओळीने रेघा, तीन दगड, आणि माणूस एकही नाही. त्याला आधी वाटलं, वाहतूक वळवलेली असणार. मग त्याने रेघा बघितल्या. बघणारा धंद्यातला होता, त्याला लगेच कळलं की हात पक्का आहे, वळणावर रेघ दबलेली नाही, सुरुवात कुठे झाली ते दिसत नाही. फक्त एक गोष्ट कळेना. या रेघा सांगतात काय? थांबा म्हणत नाहीत. हळू म्हणत नाहीत. इथून ओलांडा, इथे गाडी लावू नका, डावीकडे वळा, काहीच नाही. खाली छापलं होतं, झेन बाग, मन शांत करण्यासाठी. म्हणजे कोणीतरी इतका जीव ओतून पट्टे मारलेत आणि ते कोणालाही काही सांगत नाहीत. आपण आयुष्यभर ओरडणाऱ्या रेघा मारल्या आणि एकानेही ऐकलं नाही, आणि इथे रेघा गप्प बसल्यात आणि एकही माणूस त्यांच्यावर पाय ठेवत नाही. डॉक्टरांनी आत बोलावून दाढ काढली तेव्हा तो हसत होता. डॉक्टरांनी विचारलं, दुखत नाहीये का, तर त्याने उघड्या तोंडाने अंगणाचं माप सांगितलं.

अंगण होतंच. घराच्या पोटात, पुढची खोली आणि मागचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये, वरून उघडं. त्यात वडील गेल्यापासून फक्त एक मोडकी खुर्ची आणि गळका पाइप राहत होता. घर वडिलांनी दोघांच्या नावावर ठेवलेलं, त्याच्या आणि ताईच्या. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, पुढच्या खोलीत शिवणवर्ग चालवते. आठ यंत्रं, त्यातली तीन जागेअभावी एकावर एक रचलेली. शिकायला येणाऱ्या बायका यंत्रावर नंबर लागेपर्यंत जिन्याच्या पायऱ्यांवर बसून काजं करतात. तिचं मागणं रास्त होतं आणि त्याला हे कळत होतं, हीच खरी पंचाईत होती. चुकीच्या माणसाशी भांडायला किती बरं वाटतं.

"बाग म्हणजे काहीतरी उगवतं," ताई म्हणाली होती. महिन्यापूर्वी, सुईत दोरा ओवता ओवता.

"यात नाही उगवत."

"मग झाडं?"

"एक नेचा आहे. कोपऱ्यात. कुंडीत."

"आणि बाकी?"

"खडी."

"खडी," ताई म्हणाली. दोरा एका फटक्यात सुईत गेला. "रेघोट्या, तू दिवसभर खडी बघतोस. घरी पण खडीच बघणार?"

रेघोट्या हे त्याचं लहानपणचं नाव, तिनेच ठेवलेलं. "ही वेगळी," तो म्हणाला. "ही कशाच्या कामाची नाही."

हे वाक्य आपल्या बाजूचं आहे अशी त्याची मनापासून समजूत होती. ताईने सुई उशीत टोचली. मग म्हणाली, "महिना देते. रविवारी पाचला येऊन बघेन. पाच मिनिटं. तेवढ्यात मला पटलं तर पटलं. नाहीतर सोमवारी गवंडी." आणि शब्दाची पक्की असल्यामुळे महिनाभर तिने मधलं दार उघडून एकदाही आत पाहिलं नाही. स्वयंपाकघरात जायला ती घराला बाहेरून वळसा घालून मागच्या दाराने जात होती आणि प्रत्येक फेरीत एकदा मोठ्याने उसासा टाकत होती.

त्या महिन्याइतकं सुख त्याला कधी झालं नव्हतं. त्याने आलेखाच्या कागदावर आराखडा काढला आणि तो पुरा झाल्यावर लक्षात आलं की दारापाशी आपण थांबा-रेघ मारली आहे, दगडाला वळसा घालायला डावीकडचा बाण दिला आहे आणि नेच्याच्या कुंडीपुढे वाहनं उभी करण्यास मनाई केली आहे. दुसऱ्या आराखड्यात बाण गेले पण रेघा तुटक आल्या, म्हणजे ओलांडायला परवानगी. सातव्या आराखड्यात कागद जवळजवळ कोरा होता, आणि तो बघून त्याला इतका आनंद झाला की रात्रीचं जेवण त्याने उभ्याने केलं. दाताळं त्याने स्वतः केलं, सागाच्या फळीला सात दात कापून, प्रत्येक दात काचपेपरने घासून, कारण दाताला कुसळ राहिलं तर खडी उड्या मारते. आणि दगड आणून दिले गवंड्याने. तोच गवंडी. ताईसाठी स्लॅबचं माप घेऊन गेला आणि संध्याकाळी याच्यासाठी दगड घेऊन आला. या वागण्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं.

"स्लॅब पण माझा, दगड पण माझा," गवंडी म्हणाला. "तुम्ही दोघं भांडा, मी कशाला भांडू?"

मोठा दगड दोघांनी मिळून पहारेने ढकलत मधोमध आणला. मग गवंडी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आता हा कुणीकडे बघतोय ते सांगा."

"दगड?"

"मग कोण? दगडाला तोंड असतं. पाठ केली दाराकडे तर आयुष्यभर रुसल्यासारखा दिसेल."

दोन दिवस संध्याकाळी त्यांनी दगडाचं तोंड शोधलं. पहिल्या दिवशी गवंड्याला सापडलं, दुसऱ्या दिवशी ते कपाळ निघालं. शेवटी त्याने एका बाजूला पहार घालून चार बोटं फिरवला आणि दगड एकदम घरात आल्यासारखा वाटला, पाहुणा चपला काढून बसतो तसा. गवंडी जाताना एवढंच म्हणाला, "सोमवारी हाच दगड फोडायला मला वाईट वाटणार, पण मी फोडणार. तेवढं ध्यानात ठेवा."

त्या दगडाच्या डोक्यावर आता तो उभा होता आणि दगड दाराकडे बघत होता, म्हणजे दोघांचं तोंड एकाच दिशेला होतं, यातही त्याला बरं वाटलं. ऊन भिंतीवरून उतरत खडीवर आलं होतं आणि प्रत्येक रेघेची एक बाजू उजळून दुसऱ्या बाजूला बारीकशी सावली पडली होती. हे आराखड्यात नव्हतं. हे त्याने केलंच नव्हतं. बारा बाय नऊची ती जागा अचानक एवढी मोठी झाली की तिचं माप कुठल्या टोकापासून घ्यावं ते कळेना. आपण एखाद्या बेटावर आहोत आणि आपल्याला शोधायला कोणी येऊ नये, असं त्याला वाटलं, आणि त्याच क्षणी पाठीमागून आवाज आला.

"पुतळा बसवला का रे?"

मागच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर निवृत्त बस कंडक्टर राहतात. खिडकीत कोपर ठेवून बसणं हा त्यांचा सध्याचा धंदा.

"नाही काका," तो मान न वळवता म्हणाला. मान वळवली तर तोल जाईल अशी भीती होती. "उभा आहे."

"ते दिसतंय. चढलास कसा?"

"चढलो ते बरोबर होतं. उतरायचं राहिलं."

"पस्तीस वर्षं हेच ऐकलं," कंडक्टरकाका म्हणाले. "शिडी देऊ खाली सोडून? आडवी टाक आणि जा."

"शिडीचे पाय रुततील."

"मग फळी?"

"फळी पण टेकणार कुठेतरी."

"म्हणजे तुला न टेकता जायचंय."

"हो."

काकांनी विचार केला. "तेवढं कुणालाच जमलेलं नाही अजून," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने वेगळ्याच आवाजात म्हणाले, "रेघा मात्र छान पडल्यात हां. वरून बघ कधी. बघताना झोप येते, पण चांगली. दुपारी मी खुर्चीत बसल्याबसल्या दोनदा पेंगलो." आणि खिडकीतून त्यांचं कोपर निघून गेलं.

त्याला वाटलं, आनंदाने आपण आता खरोखरच खाली पडणार. पायांत मुंग्या आल्या होत्या, पोटरी थरथरत होती. मग मांजर आलं. भिंतीवरून, नेहमीचं, करड्या रंगाचं, ज्याला या अंगणातून रोज चार-पाच वेळा रहदारी करायची सवय होती. ते भिंतीच्या कडेवर थांबलं आणि खडीकडे बघू लागलं. तो मांजराकडे बघू लागला. ओली आहे, तो हळू आवाजात म्हणाला, ओली आहे, ए बाई. मांजराने एक पंजा खाली सोडला, हवेतच धरला, वास घेतला, आणि पंजा परत वर घेऊन भिंतीवरून पुढे चालत गेलं. बारा वर्षांत त्याची सूचना पाळणारा हा पहिला जीव. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायला हात उचलावा तर तोल.

त्या पाण्यातून त्याला वडील दिसले. म्हणजे वडील नव्हे, वडिलांची पाठ. तेही याच विभागात होते, यंत्र येण्याआधी, हातकुंचल्याच्या काळात. संध्याकाळी येऊन याच उंबरठ्यावर बसायचे, पाय अंगणात सोडून, आणि कुंचले धुवायचे. पाणी पांढरं व्हायचं, मग दुधी, मग नितळ. पाणी नितळ होईपर्यंत बोलायचे नाहीत आणि नितळ झाल्यावर बोलण्यासारखं काही उरायचं नाही. खडी टाकायच्या आधी त्याने फरशी घासली तेव्हा उंबरठ्यापाशी तो पांढरा डाग निघाला नाही, वर्षानुवर्षांचा, एखाद्या नकाशातल्या देशासारखा. त्याने तो तसाच ठेवून वर खडी टाकली. हे ताईला सांगायचं की नाही, हे ठरत नव्हतं. वडिलांनी आयुष्यात त्याला एकच गोष्ट शिकवली होती, आणि तीसुद्धा ताईला रागावताना. ताई नऊ वर्षांची होती, शाळेसमोर वडील झेब्रा मारत होते, आणि ती पळत येऊन ओल्या पट्ट्यात पाय देऊन गेली. घरी आल्यावर ते म्हणाले, ओल्या रेघेवर पाय द्यायचा नाही. सुकल्यावर सगळं जग तिच्यावरून जाणारच आहे, तेवढा वेळ तिला द्यायचा. हे त्याने दाराआडून ऐकलं होतं, वय वर्षं तीन, आणि रागावणं ताईच्या वाट्याचं होतं, तरी जन्मभर पुरलं मात्र त्याला. आताही, दगडावर, ते पोटरीतून वर चढत होतं. वडील असते तर काय म्हणाले असते? बहुधा काहीच नाही. खडीकडे बघत बसले असते, पाणी नितळ व्हायची वाट बघत. आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की आपण महिनाभर जे बनवत होतो ते दवाखान्यातल्या फोटोतलं नव्हतंच. आपण त्यांच्या गप्प बसण्याला जागा करत होतो. तो मोठ्याने हसला. दगडाने सहन केलं.

पाच वाजले. ताई घड्याळाआधी येत नाही आणि नंतरही येत नाही. मधल्या दाराची कडी निघाली, दार उघडलं, आणि ताई उंबरठ्यावर थबकली, कारण पायाशी सात दात वर करून दाताळं पडलं होतं. गळ्यात मोजमापाची फीत, बोटांना गणवेशाच्या निळ्या कापडाचे तंतू. तिने आधी दाताळं बघितलं, मग खडी, मग दगड, मग भाऊ.

"हे पण बागेत येतं का?" तिने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"नाही. मी तात्पुरता आहे."

"मग ये इकडे. पाच मिनिटं चालू झाली."

"येता येत नाही."

"का?"

"ओलं आहे," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते दोघांनीही ऐकलं.

ताईच्या कपाळाची आठी हळूहळू सुटत गेली. ती बराच वेळ त्याच्या पायांकडे बघत होती, दगडाच्या कडेला घट्ट आवळलेल्या दहा बोटांकडे. मग तिने दाताळं उचलून भिंतीला टेकवलं आणि उंबरठ्यावर बसली. ताई बसली. यंत्रापुढे सोडून तिला बसलेलं त्याने शेवटचं कधी बघितलं होतं, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला आणि आठवलं नाही.

"टीप सरळ आली आहे," ती म्हणाली. "ती तिकडची अकरावी ओळ सोडून."

"अकरावी सरळ आहे."

"नाही. दोऱ्याएवढी ढळली आहे."

त्याने बघितलं, तर ढळली होती. ओढताना त्याला दिसली नव्हती. तिला पाच मिनिटांत दिसली, म्हणजे ती बघत होती, खरंच बघत होती, रेघ न् रेघ.

कुठेतरी बाहेर हॉर्न वाजत होते, ते भिंतीच्या पलीकडेच राहत होते. "तुला माहितीये," ती मग म्हणाली, "बाबांनी ते पाऊल पुसलं नव्हतं."

"कुठलं?"

"शाळेसमोरचं. माझं. पुसायला निघाले होते, कुंचला पण बुडवला. मग म्हणाले, असू दे. मुकादमाला सांगितलं, शाळेची खूण आहे, नवीन पद्धत आहे." ती हसली नाही, पण आवाज हसत होता. "चार वर्षं होतं तिथे. मी रोज जाता-येता त्यात पाय ठेवून बघायचे. मग पाय मोठा झाला. मग डांबर पडलं."

"पण ते तुला रागावले होते. मी ऐकलंय."

"रागावले तर होतेच. त्याचा काय संबंध?"

तो दगडावर उभा राहून आपल्या एकतीस वर्षांच्या समजुतीकडे बघू लागला, आणि ती दोऱ्याएवढी ढळलेली दिसू लागली. ताईने चपला काढल्या. त्याला कळलं ती काय करणार आहे. घशात ते वाक्य तयार झालं, बारा वर्षं मुरलेलं, सायकलवाले, मावशी, टायवाले साहेब, सगळ्यांवर फेकलेलं. ताईने उजवा पाय उचलला, पहिल्या दोन ओळींवर अलगद ठेवला, भार दिला, आणि खडी करकरली. तो ओरडला नाही. त्याने नीट पाहिलं. ते पाऊल बरोबर त्या पांढऱ्या डागाच्या वर होतं, जो तिला दिसत नव्हता. पाय उचलल्यावर तिथे पाच बोटं आणि टाच राहिली, आणि सबंध अंगण त्या पावलाकडे तोंड करून बसल्यासारखं झालं, जसा गवंड्याने चार बोटं फिरवल्यावर दगड बसला होता.

"यंत्रं पुढे दोन ओळींत लावते," ताई म्हणाली. ती अजून बसूनच होती. पाच मिनिटं होऊन किती वेळ झाला होता कोण जाणे, ऊन खडीवरून निघून समोरच्या भिंतीवर चढलं होतं. "दाटी होईल. होऊ दे. आणि पायऱ्यांवर बसतात त्या बायका इथे बसतील, उंबरठ्यावर. काजं करायला. दोन-दोन जणी."

"आत पाय नाही ठेवायचा त्यांनी."

"नाही ठेवणार. मी सांगेन ओलं आहे." ती उठली, चपला घातल्या, भिंतीला टेकवलेलं दाताळं उचललं आणि काखेत मारलं.

"ताई, ते मला दे."

"कशाला? पाऊल पुसायला?"

"नाही. मला यायला."

"मग चालत ये की," ताई म्हणाली, आणि दाताळं घेऊन आत गेली. आतून एका यंत्राचं पायडल सुरू झालं, मग तिचा आवाज आला, गवंड्याला फोनवर सांगताना, उद्या या, पण स्लॅबला नाही, जिन्याच्या दोन पायऱ्या हलतायत त्यांना. पाय खाली ठेवायला आता काहीच हरकत नव्हती. एक पाऊल होतंच, पाच अजून झाली असती. उजवा पाय दगडाच्या कडेपर्यंत गेला, गुडघ्याने कुलूप लावलं. तो पुन्हा सरळ उभा राहिला, तोंडातून पुन्हा तीच शीळ निघाली, आणि उद्या आठ वाजता कामावर हजर व्हायचं आहे हे आठवल्यावर त्याने मनातल्या मनात, विभागाच्या ठरलेल्या नमुन्यात, वरच्या कोपऱ्यात आवक क्रमांकासाठी जागा सोडून, अर्ज लिहायला घेतला.

प्रति, माननीय कार्यकारी अभियंता, रस्ते विभाग. विषय: रजा मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार हा सद्यःस्थितीत बारा बाय नऊ फूट जागेच्या मध्यभागी दगडावर कार्यरत असून, सभोवतालच्या रेघा नुकत्याच मारल्या असल्याने विभागाच्या प्रचलित पद्धतीनुसार त्यांवर पाय देणे उचित होणार नाही. सदर रेघांमध्ये एक पाऊल असून ते खूण म्हणून कायम ठेवण्यात आले आहे, तरी त्याबाबत खुलासा मागविण्यात येऊ नये. रेघा सुकताच अर्जदार तात्काळ कामावर रुजू होईल. सबब, खडी सुकेपर्यंत अर्जदारास पूर्ण पगारी रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.